दादासाहेब मावळंकर : पुण्यातून सुरू झालेले अध्यक्षपद

पुणे स्टेशनकडून लष्कर भागाकडे जाताना लागणारी कौन्सिल हॉलची वास्तू बहुतेक पुणेकरांना ठाऊक आहे ती विभागीय आयुक्तांच्या कचेरीमुळे. अर्ज, अपिले आणि बैठका यांसाठी तेथे सतत राबता असतो. या वास्तूला एके काळी वेगळाच मान होता, हे मात्र आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पावसाळ्यात मुंबई इलाख्याचे सरकार पुण्यास येई आणि त्याबरोबर कायदेमंडळाचे अधिवेशनही येथेच भरे. १९३५ च्या कायद्यानुसार निवडून आलेल्या मुंबई विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी याच सभागृहात झाली. दोनच दिवसांनी, २१ जुलै रोजी, सभागृहाने आपला अध्यक्ष निवडला. त्यांचे नाव गणेश वासुदेव मावळंकर. पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या दादासाहेब मावळंकरांच्या संसदीय कारकिर्दीचा आरंभ असा पुण्यात झाला.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचे. गावावरूनच आडनाव पडले. गणेशचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. प्राथमिक शिक्षण कोकणात राजापूर आणि इलाख्यातील इतर गावी झाले. १९०२ साली पुढील शिक्षणासाठी ते अहमदाबादेस गेले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये विज्ञान विषय घेऊन पदवी, मुंबईच्या सरकारी विधी विद्यालयातून १९१२ मध्ये कायद्याची पदवी आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली, असा त्यांचा तरुणपणीचा क्रम आहे. घरात मराठी आणि सार्वजनिक व्यवहारात गुजराती, अशा दोन भाषांत त्यांचे आयुष्य सहजपणे वाहत राहिले. पुढे त्यांनी लेखन केले तेही प्रामुख्याने गुजरातीतच.

वकिलीत त्यांचा जम बसत होता, त्याच सुमारास अहमदाबादचे सार्वजनिक जीवन बदलत होते. महात्मा गांधींनी १९१५ मध्ये तेथे आश्रम स्थापन केला. गुजरात सभेचे चिटणीस म्हणून मावळंकर या नव्या प्रवाहाच्या जवळ आले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात त्यांनी काम केले. असहकाराच्या पर्वात त्यांनी चालती वकिली बाजूला ठेवली आणि १९२१ च्या डिसेंबरात अहमदाबादेस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे सरचिटणीसपद सांभाळले. मिठाचा सत्याग्रह, वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन यांत त्यांना कारावास घडला. तुरुंगात भेटलेल्या साध्या कैद्यांच्या जीवनकथा त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात सांगितल्या. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसाचीही बाजू आधी ऐकून घ्यावी, ही वृत्ती त्या पुस्तकाच्या मुळाशी आहे. सभागृह चालवणाऱ्याला याहून उपयुक्त शिकवण कोणती असणार?

त्यांची खरी तालीम मात्र अहमदाबाद नगरपालिकेत झाली. १९१९ ते १९३७ अशी अठरा वर्षे ते तेथे सदस्य होते आणि दोन वेळा नगराध्यक्ष. वल्लभभाई पटेल हे त्याच नगरपालिकेतील त्यांचे सहकारी. पाणी, गटारे, शाळा आणि करवसुली या विषयांवर तासन्‌तास चालणाऱ्या सभांमध्ये भाषणापेक्षा कार्यक्रमपत्रिका, उपसूचना आणि इतिवृत्त यांना किती महत्त्व असते, हे माणसाला कळते. मावळंकरांना ते पुरते कळले होते. त्यामुळे १९३७ मध्ये अहमदाबादेतून विधानसभेवर निवडून आल्यावर अध्यक्षपदासाठी पक्षाचे लक्ष त्यांच्याकडे जावे, हे स्वाभाविकच होते.

येथे थोडे मागे वळून पाहावे लागते. आपल्याकडे कायदेमंडळाचा पीठासीन अधिकारी पूर्वी सरकार नेमत असे. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्षपद सर नारायण चंदावरकर यांना मिळाले ते नेमणुकीने. केंद्रीय कायदेमंडळात पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल. १९२५ मध्ये ते अवघ्या दोन मतांनी विजयी झाले आणि निवड होताच त्यांनी स्वराज्य पक्षाशी संबंध सोडला. परकीय सरकारसमोर भारतीय अध्यक्षाने निःपक्षपाती राहणे म्हणजे लोकप्रतिनिधींचा हक्क राखणे, असा त्या काळी सरळ हिशेब होता. विठ्ठलभाईंनी तो धैर्याने पाळला. १९२८ साली सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर समसमान मते पडली, तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाविरुद्ध टाकले.

मावळंकर पुण्यात आसनावर बसले तेव्हा हा हिशेब बदललेला होता. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ नुकतेच अधिकारावर आले होते. सत्ता काँग्रेसची, बहुमत काँग्रेसचे आणि अध्यक्षही काँग्रेसचाच. समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जमनादास मेहता यांच्यासारखे अभ्यासू व परखड प्रतिपक्षी होते. आता अध्यक्षाला सभागृहाचे रक्षण परक्यांपासून करायचे नव्हते. प्रसंगी ते स्वतःच्या सहकाऱ्यांपासून करायचे होते. मावळंकरांच्या पुढील एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत हाच पेच वेगवेगळ्या रूपांत त्यांच्यासमोर येत राहिला.

त्या पहिल्या अधिवेशनातील एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक याच पुण्यातील सभागृहात मांडले. कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाऱ्हाण्यांना प्रथमच कायद्याच्या मसुद्याचे रूप मिळाले. विधेयक सरकारचे नव्हते. एका लहान विरोधी पक्षाच्या नेत्याचे ते खासगी विधेयक होते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून मावळंकरांचे पूर्वज आले, तेथील जमीनव्यवस्थेवरच त्याचा रोख होता. ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. तरीही अल्पसंख्य गटाचा सदस्य उभा राहून अशा प्रश्नाला सभागृहाच्या दप्तरात स्थान मिळवून देऊ शकतो, याचे महत्त्व कमी होत नाही. अध्यक्षाचे आसन ज्यासाठी असते त्या गोष्टींपैकी ही एक.

१९३९ च्या नोव्हेंबरात प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. विधानसभा विसर्जित झाली नाही, पण तिचे कामकाज थांबले. अध्यक्ष पदावर कायम आणि सभागृहाला कुलूप, अशा त्या विचित्र काळात मावळंकर सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेले. युद्ध संपल्यावर ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून आले. सर अब्दुर रहीम यांच्यानंतरच्या अध्यक्षाची निवड २४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीत झाली. त्या सभागृहात काँग्रेसला निर्भेळ बहुमत नव्हते. सरकारी व नेमलेल्या सभासदांचा कल प्रतिस्पर्धी सर कावसजी जहांगीर यांच्याकडे होता आणि मुस्लिम लीगही त्यांच्या बाजूने होती. मावळंकरांना ६६ मते मिळाली, कावसजींना ६३. केवळ तीन मतांचे ते आधिक्य होते. दिल्लीतील त्यांच्या दशकभराच्या अध्यक्षपदाचा पाया एवढा अरुंद होता.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपुष्टात आले. संविधान सभेने घटना लिहायची आणि कायदेही करायचे, अशी दुहेरी जबाबदारी तिच्यावर आली. ही दोन कामे कशी वेगळी ठेवावीत याचा विचार करणाऱ्या समितीचे नेतृत्व मावळंकरांनीच केले. घटना लिहिणाऱ्या सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, पण ते मंत्रिमंडळातही होते. मंत्र्याने कायदेमंडळाचे अध्यक्षस्थान भूषवणे योग्य नव्हे, म्हणून १७ नोव्हेंबर १९४७ रोजी कायदेमंडळ म्हणून भरणाऱ्या सभेसाठी मावळंकरांची निवड झाली. २६ जानेवारी १९५० पासून हंगामी संसदेतही तेच अध्यक्ष राहिले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला. नेहरूंनी मावळंकरांचे नाव सुचवले. काँग्रेसचे प्रचंड बहुमत पाहता निवड बिनविरोध होईल, अशी अपेक्षा असणे साहजिक होते. परंतु विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे खासदार शंकरराव शांताराम मोरे यांचे नाव पुढे केले. मावळंकरांच्या बाजूने ३९४ मते पडली, विरोधात ५५. निकाल आधीच ठरलेला होता, तरीही त्या ५५ मतांना अर्थ होता. अध्यक्ष हा बहुमताचा नव्हे, सर्वांचा असावा, तर त्याच्या निवडीत सर्वांना विचारले जावे, असा तो आग्रह होता. मोरे पुढे काँग्रेसमध्ये गेले, १९६२ मध्ये पुण्याचे खासदार झाले आणि भारतीय संसदेच्या कार्यपद्धतीवर त्यांनी ग्रंथही लिहिला. पहिल्या अध्यक्षाशी लढत दिलेल्या उमेदवाराने संसदीय नियमांचा भाष्यकार व्हावे, हा योगायोग मोठा सुखद आहे.

निवडून आल्यावर आपण पक्ष सोडावा काय, या प्रश्नाला मावळंकरांनी दिलेले उत्तर विठ्ठलभाईंच्या उत्तराहून वेगळे होते. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पक्षत्याग करतो, पण पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार उभा करत नाहीत. हे संरक्षण भारतात नव्हते. ते मिळावे म्हणून मावळंकरांनी प्रयत्न केला आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेतही हा विषय आला. तो संकेत मात्र रुजला नाही. तेव्हा त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व ठेवले आणि पक्षीय वादापासून दूर राहण्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. हा मार्ग व्यवहार्य होता, पण निर्धोक नव्हता. अध्यक्षाच्या प्रत्येक निर्णयाकडे विरोधक संशयाने पाहू शकतील, अशी फट त्यात राहून गेली.

ही फट बुजवण्यासाठी त्यांनी जो उपाय योजला तोच त्यांच्या कार्याचा गाभा म्हणावा लागेल. निःपक्षपातीपणा केवळ एका माणसाच्या स्वभावावर सोपवून चालत नाही, त्याला नियमांचे कुंपण लागते, हे त्यांनी ओळखले. नियमसमिती, कामकाज सल्लागार समिती, शासकीय आश्वासनांची समिती, दुय्यम विधानाची छाननी करणारी समिती, खासगी विधेयकांची समिती अशी समित्यांची रचना त्यांच्या काळात उभी राहिली. अंदाज समिती १९५० मध्ये स्थापन झाली. पूर्वी लोकलेखा समितीचे अध्यक्षस्थान अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे. म्हणजे खर्च करणारा आणि तपासणारा एकच! नव्या घटनेनंतर ती समिती अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली आणि मंत्री तिच्याबाहेर गेले. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पुढे पाळले गेले की नाही, हे विचारणारी यंत्रणा निर्माण झाली. प्रश्नोत्तराच्या तासाला शिस्त लागली. अर्ध्या तासाच्या चर्चेची सोय झाली. १९५४ च्या मे महिन्यात सभागृहाचे लोकसभा हे नावही त्यांनीच सभागृहात जाहीर केले.

वटहुकुमांच्या बाबतीत त्यांनी दाखवलेला कणखरपणा विशेष उल्लेखनीय आहे. संसद भरलेली नसताना तातडीची गरज पडल्यास वटहुकूम काढण्याचा अधिकार घटनेने दिला आहे. अधिवेशन तोंडावर आले असताना किंवा नुकतेच संपले असताना हा अधिकार वापरला जाऊ लागला, तेव्हा मावळंकरांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला पत्रे लिहून हरकत घेतली. अत्यंत निकडीखेरीज हा मार्ग लोकशाहीला शोभणारा नाही आणि पहिल्या संसदेने पाडलेली वाट पुढच्यांसाठी वहिवाट होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते ज्यांना लिहीत होते ते त्यांच्याच पक्षाचे सरकार होते.

त्यांची भीती अनाठायी नव्हती, हे दाखवून दिले ते पुण्यातीलच एका अभ्यासकाने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील वटहुकुमांचा शोध घेतला, तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवल्याचे आढळले. त्यांतील काही तर चौदा वर्षांपर्यंत चालले होते. हा प्रश्न वाधवांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनेची फसवणूक ठरवली. मावळंकरांनी पत्रांतून दिलेला इशारा असा तीन दशकांनंतर न्यायनिर्णयातून खरा ठरला.

याचा अर्थ त्यांच्याविषयी कोणाची तक्रारच नव्हती असे नाही. तहकुबी सूचनांबाबत ते कडक होते. परकीय सरकारला जाब विचारण्याचे ते हत्यार होते. आता सरकार सभागृहालाच जबाबदार असल्याने त्याचा वापर विरळा असावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांना मात्र हाताशी असलेले एक प्रभावी साधन काढून घेतल्यासारखे वाटे. शेवटी १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. विघ्नेश्वर मिसिर यांनी तो मांडला होता. घटनेनुसार अशा वेळी अध्यक्षाने आसनावर बसायचे नसते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवले. नेहरूंनी मावळंकरांची बाजू ठामपणे मांडली, पण त्याच वेळी आपल्या पक्षाच्या सभासदांवर पक्षादेशाचे बंधन नाही, हा प्रश्न पक्षाचा नसून सभागृहाचा आहे, असेही स्पष्ट केले. ठराव फेटाळला गेला.

त्या दिवसाकडे मावळंकरांचा विजय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. आरोप झाले, ते नियमाप्रमाणे ऐकले गेले आणि आरोपी असलेला अध्यक्ष आसनाखाली उतरला. त्यांनी आयुष्यभर जी चौकट उभारली, तिच्यातच त्यांची स्वतःची परीक्षा झाली. विरोधकांचे सर्वच आक्षेप पोकळ होते असे म्हणता येणार नाही. पक्षाचे सभासदत्व न सोडल्याने राहिलेली फट त्या चर्चेत उघडी पडली, हेही मान्य केले पाहिजे.

लोकसभेबाहेरही त्यांच्यावर अनेक जबाबदाऱ्या होत्या. कस्तुरबा स्मारक निधी आणि गांधी स्मारक निधी यांचे काम ते पाहत. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत कस्तूरभाई लालभाईंसोबत त्यांचा वाटा होता. १९५६ च्या जानेवारीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत, अध्यक्षपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळंकर १९७२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि आणीबाणीच्या काळात त्यांनी सभागृहात निर्भयपणे विरोध नोंदवला. वडिलांनी सांभाळलेल्या सभागृहात मुलाने कोणत्याही पक्षाच्या आधाराविना उभे राहावे, हे या घराण्याला साजेसेच होते.

मावळंकरांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न त्यांच्यानंतरही सुटला नाही. १९६७ मध्ये अध्यक्ष होताच नीलम संजीव रेड्डी यांनी पक्ष सोडला, पण तो पायंडा टिकला नाही. २००८ मध्ये पक्षाने सांगूनही सोमनाथ चटर्जी यांनी अध्यक्षपद सोडले नाही, तेव्हा पक्षानेच त्यांना काढून टाकले. दरम्यान १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांवर सोपवला. पहिल्या अध्यक्षाला हे ओझे कधी वाहावे लागले नव्हते. महाराष्ट्राने तर अलीकडेच या पदाचे सर्व पेच एकामागोमाग एक अनुभवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून जुलै २०२२ मध्ये राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हता आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज पाहत होते. निवड गुप्त मतदानाने व्हावी की आवाजी मतदानाने, यावरून सरकार आणि राज्यपाल यांच्यात ताण निर्माण झाला. पुढे शिवसेनेतील फुटीचा निवाडाही अध्यक्षांसमोरच आला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो दिला गेल्यावर वाद शमण्याऐवजी वाढला.

अशा वेळी मावळंकरांच्या चरित्राकडे वळले तर तयार उत्तर हाती लागत नाही. तीन मतांच्या आधिक्याने निवडून आलेला माणूस सर्व सभागृहाचा विश्वास संपादन करू शकतो आणि ३९४ मतांनी निवडून आल्यावरही त्याला तो विश्वास पुन्हा सिद्ध करावा लागतो, एवढे मात्र दिसते. निवड बहुमताने होते, ती तशीच व्हायची. त्या क्षणानंतर अध्यक्ष कोणाला पत्र लिहून हरकत घेतो, कोणाचे विधेयक मांडू देतो आणि स्वतःवर आरोप झाला तर आसन सोडून खाली येतो की नाही, यावर त्या पदाची किंमत ठरते. आता विधिमंडळाची अधिवेशने मुंबई व नागपूर येथे भरतात आणि पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये महसुली कामकाज चालते. तेथे कामानिमित्त जाणाऱ्या पुणेकराने २१ जुलै १९३७ ची आठवण क्षणभर ठेवली, तर या वास्तूचा मान राखल्यासारखे होईल.